पॉलिसीचा कागद आणि वजनातलं शिसं

आबा,

तुमचं ते पन्नास ग्रॅमचं लोखंडी वजन अजून माझ्याकडे आहे. लग्नात आईने दिलेली भांडी वापरून चेपली, दोन तर मोडीत गेली, पण हे आहे तसंच आहे. टीव्हीच्या फळीवर असतं. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून मी ते कागदांवर ठेवते. कुठले कागद, तेच सांगायला आज बसले. पोरगी बालवाडीत गेली आहे, साडेअकराला आणायची आहे. भाजी चिरून झाली. अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, देवळात गेल्या आहेत, त्यांना तिथे गप्पा मारायला कोणीतरी भेटलंच असेल. तुम्ही गेले तेव्हा मी आठवीत होते, पुढे शाळा झाली नाही. तेव्हा काना-मात्रा चुकला तर चालवून घ्या. तुम्ही घरात अहिराणी बोलायचे पण मला म्हणायचे, लिहायचं ते शाळेच्या भाषेत लिही. म्हणून तसं लिहिते आहे.

माझी पोरगी तुम्ही पाहिली नाही. साडेतीन वर्षांची आहे. नाक तुमचं आहे, सगळे म्हणतात. बोलायला लागली की थांबत नाही. पण आबा, मी फार भित्री झाले आहे. तुमच्या वेळी मी मार्केट यार्डात मिरचीच्या पोत्यांवरून उड्या मारत हिंडायची, विंचवालाही घाबरत नव्हते. आता पोरीचं अंग जरा कोमट लागलं तर माझे हात गार पडतात. दिवसातून किती वेळा तिच्या कपाळाला हात लावते ते मलाच माहीत नाही. ती आता चिडते. म्हणते, "मम्मी, हात काढ ना, मी गरम नाही."

त्याचं कारण आहे. ती चौदा महिन्यांची होती, मी दोंडाईच्याला आईकडे गेले होते. स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती अन् पोरगी माझ्या मांडीवर होती. ताप होता, पण पोरांना असतोच म्हणून बसले होते. एकदम तिचे डोळे वर गेले. हातपाय ताठ झाले, अन् मग थडथड उडायला लागले. ओठ निळे. आईच्या हातातली भाकरी खाली पडली. शेजारची बाई धावत आली, कोणी कांदा फोडून नाकाला लावतंय, कोणी चप्पल हुंगवतंय, अन् मी नुसती बसलेली. मग शेजारच्या भाऊने जीप काढली अन् धुळ्याला नेलं. वाटेतच ती शांत झाली, पण दवाखान्यात पोचल्यावर परत एकदा झटका आला. तीन दिवस ठेवलं. डॉक्टर चांगला माणूस होता. म्हणाला, "तापाचे झटके आहेत. मोठी झाली की बहुतेक जातील. ताप चढू देऊ नका, अन् ही फाईल जपून ठेवा." सासरी पाचोऱ्याला परत आले तर अक्कांनी पहिलं काम काय केलं असेल, ती फाईल साडीत गुंडाळून पेटीच्या तळाशी घातली. म्हणाल्या, "आते याना बोभाटा नको करू व माय. पोरनी जात शे. उद्या सोयरीक कोन करी?" चौदा महिन्यांच्या पोरीची सोयरीक! मला तेव्हा हसूही आलं अन् रडूही. त्या वाईट नाहीत आबा. त्यांच्या बहिणीला लहानपणी असंच काही व्हायचं, ती बिनलग्नाची राहिली. त्यांना ते दिसतं.

आता कागदाची गोष्ट. ह्यांचा मावसभाऊ विम्याचा एजंट झाला आहे. कोणाच्या हळदीत गेला तरी बॅग बरोबर घेऊन जातो. आमच्याकडे जेवायला आला अन् जेवता जेवताच फॉर्म भरायला लागला. दवाखान्याची पॉलिसी, तिघांची मिळून. ह्यांच्या आधार कार्डावरचं नाव अन् बँकेतलं नाव जुळत नव्हतं, म्हणून पॉलिसी माझ्या नावाने काढायची ठरलं. भाऊजी भराभर विचारत होते अन् स्वतःच लिहीत होते. "वहिनी, शुगर? नाही. बीपी? नाही. फिट, मिरगी, झटके, कोणाला?" मी तोंड उघडलं. अक्का माझ्या पाठीमागे चटणी वाटत होत्या, त्यांचा वरवंटा थांबला. नुसता थांबला. मी म्हटलं, "नाही." भाऊजींनी खूण केली, वरवंटा परत सुरू झाला, मी सही केली. एवढंच. एका शब्दाचं काम.

पंधरा-वीस दिवसांनी पोस्टाने पाकीट आलं. आत जाडजूड इंग्रजी पुस्तक, अन् वर दोन-तीन पानं मराठीत. माहितीपत्रक. कशाला पैसे मिळतील, कशाला नाही, किती दिवस थांबायचं, तक्रार कुठे करायची, सगळं चौकटीत मांडलेलं. खाली एक ओळ, की मी हे वाचलं आहे, अन् सहीसाठी जागा. भाऊजी फोनवर म्हणाले, "वहिनी, खाली सही करून फोटो पाठवा, वाचायचं काही नाही त्यात, सगळ्यांचं सारखंच असतं." मी म्हटलं, वाचून करते. ते हसले. "कलेक्टर होणार का?" म्हटलं, "नाही, मापाड्याची पोरगी आहे."

तुम्हाला आठवतं का, कितीही घाई असली तरी काटा थांबल्याशिवाय तुम्ही तोलाच्या पट्टीवर आकडा लिहीत नव्हते. व्यापारी ओरडायचा, गाड्या खोळंबायच्या, अन् तुम्ही काट्याकडे बघत उभे, मिरचीने डोळ्यातून पाणी गळतंय तरी. तेच डोक्यात होतं. मी रोज पोरगी बालवाडीत गेली की एक चौकट वाचायची. बोटाने. एखादा शब्द दोन-दोन दिवस घ्यायचा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी आलं, 'आधीपासूनचा आजार'. पॉलिसी घ्यायच्या आधीच्या छत्तीस महिन्यांत डॉक्टरने सांगितलेला, किंवा ज्याच्यावर उपचार घेतला, असा कोणताही आजार. मी बोटावर महिने मोजले. छत्तीसच्या आतच होतं. खाली आणखी एक चौकट, की माहिती लपवली असेल तर कंपनी पॉलिसी रद्द करू शकते. अन् त्याच्याखाली, की कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांत पॉलिसी परत करता येते.

त्या दिवशी माझा भात लागला. जळका वास सगळ्या घरात, अन् मी ते पान धरून उभी. मला वाटलं, हा कागद माझ्याशीच बोलतो आहे. आजवर सरकारी कागद म्हणजे कोणीतरी दुसऱ्याने वाचायचा अन् मी अंगठ्याएवढ्या जागेत सही करायची. ह्याच्यात तसं नव्हतं. साधं लिहिलेलं होतं अन् मला समजलं होतं, अन् समजलं म्हणूनच भीती वाटली. उद्या पोरीला काही झालं, कंपनीने धुळ्याची फाईल शोधली, अन् म्हणाले तुम्ही खोटं लिहिलं, तर? झटक्याचं तर जाऊ द्या, पोरगी पडली, डेंग्यू झाला, तरी म्हणतील पॉलिसीच रद्द. अन् खरं सांगायला गेले अन् म्हणाले, अशा पोरीला घेतच नाही, तर? पाकीट आलं त्या तारखेला मी कॅलेंडरवर टिकलीएवढा ठिपका केला होता. रोज त्या ठिपक्याकडे बघायची. दहा दिवस गेले, पंधरा गेले. वीस गेले. मी ह्यांनाही बोलले नाही.

आता मधेच तुमची गोष्ट सांगते, कारण त्या दिवसांत मला सारखी तीच आठवत होती. मी दुसरीत होते. शाळा सुटली की यार्डात यायची, तुमच्या काट्याजवळ पोत्यावर बसायची. वीस किलोच्या वजनाला खालून एक भोक असायचं, त्यात शिसं ओतलेलं अन् शिशावर सरकारी शिक्का ठोकलेला. तुम्ही मला सांगायचे, "दोंडाईचामा किलो, धुयामा किलो, बठ्ठीकडे किलो एकच. काबर? व्यापारीना नही, शेतकरीना नही, सरकारनी ठरायेल शे. हाऊ शिक्का म्हनजे सरकारनी जबान." एक दिवस त्या वजनातली शिशाची गोळी निघून पडली अन् मला ती काट्याखाली सापडली. चकचकीत, सागरगोट्याएवढी. मी खेळायला घेतली अन् परकराच्या खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी तुम्ही वजन उचललं अन् लगेच खाली ठेवलं. हाताला कळलं तुमच्या. उलटं केलं, भोक रिकामं. तुम्ही मला विचारलं, "गोयी देखी का?" मी म्हटलं, माहीत नाही. तुम्ही सगळी पोती हलवली, झाडून काढलं. संध्याकाळी आईने परकर धुवायला घेतला अन् गोळी टणकन् फरशीवर पडली.

तुम्ही मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. एवढंच म्हणाले, "सापडनी ते दखाडी काबर नही?" अन् जेवले नाही. वजन हलकं झालं तर तोटा व्यापाऱ्याचा होता, त्याला कळलंही नव्हतं, शेतकरी तर खूशच झाले असते. दुसरा कोणी असता तर दगडाचा चुरा अन् डांबर भरून काम चालवलं असतं. तुम्ही सकाळीच व्यापाऱ्याला जाऊन सांगितलं, की परवाचा माल परत तोला. तो सगळ्यांसमोर हसला, "काय आबा, वजन बिमार पडनं का? मंग जाय, सरकारी दवाखानामा भरती कर." तुम्हीही हसले. म्हणाले, "हा शेटजी, तिकडेच ली चालनू. बरं व्हई तवलोंग दुसरा मापाडी देखा." अन् एका हातात पिशवीत वजन, दुसऱ्या हातात मी, धुळ्याच्या एसटीत बसलो. वजनमाप ऑफिसात साहेबासमोर मला उभं केलं. "चाल, तूच सांग साहेबले." मी रडत रडत सांगितलं, की मला सापडली अन् मी लपवली. साहेबाने वजन उलटं करून भोकात बोट फिरवलं. म्हणाला, "आतून खरवडल्यासारखं दिसतंय हो." तुम्ही म्हणाले, "पोतासखाले घासायेल व्हई साहेब. जुनं शे." मग त्यांनी नवं शिसं ओतलं, शिक्का ठोकला, तो ठोक मला अजून ऐकू येतो. निघताना टेबलाखालच्या ढिगातून, बाद झालेल्या वजनांतून, साहेबाने हे पन्नास ग्रॅमचं मला खेळायला दिलं. त्याच्यावर कापल्याची खूण आहे, म्हणजे ते तोलायला चालत नाही, कागद दाबायला चालतं. येताना बसस्टँडवर तुम्ही मला उसाचा रस पाजला. तुमचे दोन दिवस बुडाले होते, मला ते नंतर आईने सांगितलं.

तर असं ते. पंचवीस दिवस झाले, सव्वीस झाले. अठ्ठाविसाव्या दिवशी मी पेटी उघडली, फाईल काढली अन् अक्कांना म्हटलं, मी पोरीला घेऊन जळगावला जाते आहे, कंपनीच्या ऑफिसात. त्या दारात उभ्या राहिल्या. "कथं जाई राह्यनी? नवराले इचारं का?" मी म्हटलं, विचारलं नाही, संध्याकाळी सांगेन. "अक्का, कोणी सोयरीक मोडली तर मोडू द्या. दवाखान्याच्या दारातून परत फिरवलं तर मी कुठे जाऊ?" मी चप्पल घातली. मग त्या आत गेल्या अन् पोरीचं टोपडं घेऊन आल्या, म्हणाल्या, "वारा लागी तिले. घाल." तेवढ्यावरून मला कळलं.

जळगावच्या ऑफिसात पोरीला कडेवर घेऊन गेले. खिडकीत एक मॅडम होत्या, डबा अर्धा खाल्लेला, पोळी हातात. मी माहितीपत्रक पुढे केलं अन् त्या चौकटीवर बोट ठेवलं. म्हटलं, "मॅडम, हे माझ्या पोरीला आहे. फॉर्मवर नाही लिहिलं गेलं."

त्यांनी पोळी खाली ठेवली. "लिहिलं गेलं नाही, की लिहिलं नाही?"

"लिहिलं नाही."

मला वाटलं आता पोलीसच बोलावतात. पण त्यांनी फाईल घेतली, चाळली. "तुम्ही हे पत्रक वाचलं? स्वतः?"

"हो. रोज एक चौकट."

"अहो, आमच्याकडे वाचून येणाऱ्या तुम्ही पहिल्या असाल," असं म्हणून त्या शेजारच्या सरांकडे बघून हसल्या. "सर, बघा, कोणीतरी वाचलं." सर कॉम्प्युटरमधून मान न काढता म्हणाले, "मग सत्कार करा त्यांचा."

मी विचारलं, "मॅडम, दुसऱ्या कंपनीत गेले तर तिथे हे आधीपासूनच्या आजाराचं वेगळं असेल का? तीन वर्षांऐवजी एक वर्ष वगैरे?" त्या म्हणाल्या, "नाही ताई. कोणी थांबायचे दिवस कमी ठेवतं, ते वेगळं. पण आधीचा आजार कशाला म्हणायचं, ते शब्द आमचे नाहीत. सरकारने बांधून दिलेत. धुळ्यात जा, मुंबईत जा, कुठल्याही कंपनीत तेच वाचाल. आधी ज्याचे त्याचे शब्द असायचे, तुमच्यासारख्याला काय, आम्हालाही कळायचं नाही." आबा, मी तिथे खिडकीसमोर उभी होते अन् मला यार्डातल्या मिरचीचा ठसका आल्यासारखं झालं. डोळ्यात पाणी आलं. त्या घाबरल्या, म्हणाल्या, रडू नका, काही होत नाही. मी त्यांना काय सांगणार, की माझे वडील मापाडी होते.

मग त्यांनी सरळ सांगितलं. पॉलिसी परत करता येईल, दोन दिवस आहेत. नाहीतर खरं लिहून द्या, फाईल जोडा, आम्ही वर पाठवतो. वरचे म्हणतील तसं, झटक्यांसाठी थांबा म्हणतील, किंवा मुलीला घेत नाही म्हणतील. "मी वचन देऊ शकत नाही," म्हणाल्या. मी लिहून दिलं. माझ्या हाताने, अर्ध्या पानावर. मॅडमने वाचलं अन् विचारलं, "आणखी काही सांगायचं राहिलंय का? आत्ता सांगा, नंतर अवघड होतं." मी म्हटलं, नाही, एवढंच.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे मालवाहू रिक्षा चालवतात, दिवसभर हॉर्न ऐकून घरी आले की कमी बोलतात. भाकरी मोडत ऐकून घेतलं. म्हणाले, "एकटी गेली होतीस? मला सांगितलं असतं तर रिक्षाने सोडलं असतं स्टेशनपर्यंत." बस, एवढंच. भाऊजी मात्र दोन आठवडे फुगून बसले, त्यांचा फॉर्म खोटा ठरला म्हणून. मग अक्कांनीच त्यांना पुरणपोळीला बोलावलं अन् वाढता वाढता म्हणाल्या, "कंपनीले सांगी दिनं ते सांगी दिनं. आते तू गल्लीमा दवंडी नको पिटू म्हनजे झालं." ते हसले अन् चौथी पोळी घेतली.

उत्तर आलं त्याला आता महिना झाला. पोरीला घेतलं आहे आबा. झटके अन् त्याच्याशी लागून जे काही असेल त्याला तीन वर्षं थांबायचं, बाकी सगळ्याला सगळ्यांसारखं. नवं माहितीपत्रक आलं, त्यात तिचं नाव अन् पुढे तो आजार, स्वच्छ मराठीत छापलेला. मी वाचलं, मग खाली सही केली. काटा थांबल्यावर. धुळ्याची फाईल आता पेटीत नाही, त्या कागदांबरोबरच फळीवर असते, अन् वर तुमचं वजन. भीती गेली असं नाही. कपाळाला हात लावायचा तेवढा लावतेच. पण पहिल्यासारखी आतून पोखरत नाही. ताप आला तर ताप आला, एवढंच. बाकी बरं चाललं आहे. परवा पोरगी ते वजन उचलून म्हणाली, "मम्मी, हे किती भारी!" पन्नास ग्रॅम. तिच्या हाताला ते भारी आहे.

आता तिला आणायची वेळ झाली. हे पत्र कुठे टाकणार, ते त्याच कागदांत जाईल, वजनाखाली. पण मॅडमने विचारलं होतं ना, आणखी काही राहिलंय का, ते तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. राहिलं आहे. वर मी लिहिलं की ती गोळी निघून पडली अन् मला सापडली. साहेबालाही तेच सांगितलं होतं. ती पडली नव्हती आबा. तुम्ही दुपारी पोत्याला टेकून झोपायचे ना, तेव्हा मी खिळ्याने उकरून काढली. तीन दुपारी लागल्या. साहेब खरवडल्याचं बोलला तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही, भिंतीकडे बघितलं. तुम्हाला माहीत होतं का, ते मला विचारायचं राहून गेलं.